पोखरा की बाली? आधी महिना सांगा
"नेपाळातलं पोखरा म्हणजे स्वस्तातली बाली" असं कुणी कुणी म्हणतं, ते काय पटलं नाही बघा. दोन्हीकडं जाऊन आलोय. जून-जुलैत आपल्या बेळगावकडच्या खानापुरात पाऊस झोडपायला लागला की पोखऱ्यातही तेच. फेवा तळं दिसतं, पण ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे डोंगर ढगात गडप. बाली तेव्हा कोरडी असते. तिथला बातूर ज्वालामुखी जेमतेम १,७१७ मीटर, पण पहाटे चारला अंधारात काळ्या खड्यांवरून पाय असा घसरतो की काय सांगू! वर वाटाड्यानं जमिनीतल्या वाफेवर अंडी उकडून दिली, मी त्याला डब्यातला गोड कुंदा दिला. आणि खाली तळंही आहेच की. दिवाळीच्या सुट्टीत मात्र डोळे झाकून पोखरा. व्हिसाची कटकटही नाही.