लिशियन वे : एप्रिल की ऑक्टोबर? वाटेवरील वनस्पती व प्राण्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लिशियन वे या पायवाटेचा काही भाग पुढील वर्षी चालण्याचा आम्हा दोघांचा विचार आहे. फेथियेजवळून निघून अंताल्याच्या परिसरापर्यंत जाणारी ही सुमारे ५४० किलोमीटरची वाट केट क्लो यांनी जुन्या पाऊलवाटा व खेचरांचे रस्ते जोडून आखली आणि ती १९९९ साली खुली झाली. व्हिसा, मुक्काम, नकाशे यांची माहिती सहज मिळते, म्हणून त्याविषयी विचारत नाही. आम्हाला अंतर कापण्यापेक्षा वाटेवरची झाडेझुडुपे आणि जीवजंतू पाहण्यात अधिक रस आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो; त्यामुळे सह्याद्रीतील फुलांचे आपले वेळापत्रक तिथे जवळजवळ उलटे करून वाचावे लागते. मधमाशीच्या मादीचे सोंग घेऊन नराला फसवणारी ऑफ्रिस ऑर्किडे मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. सिस्टसची चुरगळलेल्या कागदासारखी गुलाबी फुले त्यांच्या पाठोपाठ येतात. त्यांतले प्रत्येक फूल जेमतेम एक दिवस टिकते, मात्र झुडूप आठवडेच्या आठवडे बहरलेले असते. पाताऱ्याच्या सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या पुळणीवर आणि चिराली येथे लॉगरहेड कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, पण त्या मेअखेरीपासून पुढे, म्हणजे चालणाऱ्याला ऊन असह्य होऊ लागते तेव्हा. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिलेली असल्यामुळे कासवांचा मोह आम्ही आवरू शकतो. ऑर्किडांचा मोह मात्र आवरणे कठीण आहे.

शरद ऋतूचे आकर्षण वेगळे आहे, आणि त्याचे मुख्य कारण समुद्रकांदा. आपल्याकडील रानकांद्याचा हा ड्रिमिया याच प्रजातीतील भाऊबंद. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास, पानांचा मागमूस नसताना, जमिनीतून अर्धवट वर आलेल्या जाडजूड कांद्यातून थेट माणसाच्या छातीपर्यंत पोहोचणारा दांडा निघतो आणि त्यावरील पांढरी फुले खालून वर क्रमाक्रमाने उमलत जातात. पाने नंतर, पाऊस सुरू झाल्यावर येतात. आपला रानकांदाही पानांच्या आधीच फुलतो, पण तो ऐन उन्हाळ्यात. एकाच कुळातील दोन वनस्पतींनी पावसाचा अंदाज घेऊन निवडलेले हे दोन मुहूर्त प्रत्यक्ष ताडून पाहावेत, अशी फार इच्छा आहे. शिवाय मुला प्रांतातील पाइनमधाचा हंगामही तेव्हाच असतो. हा मध फुलांचा नव्हे: तुर्की पाइनच्या सालीतून रस शोषणारा एक बारीक कीटक गोड द्रव बाहेर टाकतो आणि मधमाश्या तो गोळा करतात.

काही झाडे दोन्ही ऋतूंत भेटतील, म्हणून त्यांची चिंता नाही. ओढ्यांच्या पात्रात कण्हेर रानटी वाढते, निर्गुडीची जातबहीण व्हायटेक्सही तिथेच असते. लालसर गुळगुळीत खोडाचे आर्ब्युटस तर लांबूनही ओळखू येईल. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते, तसे आपल्या कांडोळाचेही होते, फक्त रंग निराळा.

आता नेमके प्रश्न. ओल्युदेनिझ, फाराल्या, काबाक आणि पुढे पातारा एवढाच टप्पा घ्यायचा असेल, तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऑर्किडे उरलेली असतात का, की किनाऱ्याजवळची सुकून केवळ उंचावरची दिसतात? दुसरे असे की, पाइनच्या फांद्यांवर पांढरी रेशमी घरटी करणारे सुरवंट वसंताच्या सुरुवातीला एकामागोमाग एक रांगेने जमिनीवर उतरतात आणि त्यांच्या केसांनी त्वचेला व डोळ्यांना त्रास होतो. माझ्या पत्नीला आपल्याकडच्या घुल्यांचीही ॲलर्जी असल्याने एप्रिलमध्ये ते वाटेवर कितपत आढळतात, हे कळणे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिसरा प्रश्न ओळखीचा आहे: फुले नसताना समुद्रकांदा आणि ॲस्फोडेल यांची पाने मला छायाचित्रांत सारखीच वाटतात. कांदा न उकरता, केवळ पानांची रुंदी व ठेवण पाहून त्यांतला फरक सांगता येतो का?

मांडीजवळ काटेरी उंचवटा असलेले जमिनीवरचे कासव आणि दगडावर बसून डोके वरखाली करणारा खरखरीत शेपटीचा सरडा हे दोन्ही दिवसाच्या कोणत्या वेळी हमखास दिसतात, हेही कोणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास कृपया सांगावे. तुमचा अनुभव कोणत्या महिन्यातला आणि साधारण किती उंचीवरचा, याचा उल्लेख उत्तरात अवश्य करावा. विमानाची तिकिटे या महिनाअखेरीस काढायची आहेत. सध्या माझा कल एप्रिलकडे आहे आणि पत्नीचा ऑक्टोबरकडे.