मदत हवी आहे: ग्राफीन इलेक्ट्रोडवर एमटीटीचा आकडा चांगला, पण अर्कात पेशी मरतात

सुरंगी:
रत्नागिरीत मेंदूच्या इलेक्ट्रोडसाठी पॉलिइमाइडच्या (लवचिक प्लास्टिकच्या) पट्टीवर रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा (ऑक्सिजन काढून टाकलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा) थर देतोय. ऑक्साइड हमर्स पद्धतीचं (ग्रॅफाइटवर पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून), क्षपण, म्हणजे ऑक्सिजन काढणं, हायड्रेझिन या विषारी रसायनाने. एल९२९ पेशी (चाचणीसाठीच्या उंदराच्या पेशी) थेट थरावर वाढवल्या की एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) १२० टक्के दाखवते. थर २४ तास भिजवून काढलेल्या द्रवात, म्हणजे अर्कात, मात्र त्याच पेशी गोल होऊन तळ सोडतात. कशावर विश्वास ठेवायचा? शिवाय पावसाळा लागल्यापासून थराच्या कडा सुटतायत.

गाज:
अर्कावर. ग्राफीन स्वतःच एमटीटीचं क्षपण करून जांभळा रंग देतं, पेशी असोत वा नसोत. पेशींविना नुसता थर एका वेलमध्ये ठेवून एमटीटी घाला, लगेच कळेल. थरावरच्या पेशींसाठी कॅल्सीन-एएम (जिवंत पेशी हिरव्या) आणि प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या लाल) हे चमकणारे रंग वापरा. थर काळा आहे, खालून बघणाऱ्या इनव्हर्टेड मायक्रोस्कोपला आरपार दिसणार नाही. पट्टी उलटी करून पेशींची बाजू लेन्सकडे आणा.

पेशी मरण्यामागे माझा पहिला संशय हायड्रेझिनवर, दुसरा हमर्समधल्या उरलेल्या मँगनीजवर आणि आम्लावर. ऑक्साइड १:१० (एक भाग आम्ल, दहा भाग पाणी) हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, मग आठवडाभर डायलिसिस (सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवणं), पाणी रोज बदलून, बाहेरच्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत. मँगनीज आयसीपी-एमएसवर (धातूंचे अगदी सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) तपासून घ्या. क्षपणासाठी हायड्रेझिन सोडून ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घ्या, ९५ अंशांवर. मेंदूत जाणाऱ्या वस्तूत हायड्रेझिनचा अंश राहण्याचा धोका पत्करूच नये.

अर्काचं प्रमाण आयएसओ १०९९३-१२ प्रमाणे (वैद्यकीय उपकरणांचे नमुने तयार करण्याचं मानक) आहे ना? अर्ध्या मिलिमीटरहून पातळ वस्तूला १ मिलिलिटरमागे ६ चौरस सेंमी, दोन्ही बाजू धरून. म्हणजे १ × १ सेंमीच्या तीन पट्ट्या. सोबत कोरं पॉलिइमाइडही हवंच, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. जिवंत पेशी ३० टक्क्यांहून जास्त घटल्या तर थर विषारी धरायचा.

सुरंगी:
आणि कडांचं?

गाज:
कोकणातली हवा. ग्राफीन ऑक्साइड पाणी ओढून फुगतं, पॉलिइमाइडही ओलावा घेतं. थर देण्याआधी पट्टी १२० अंशांवर तासभर वाळवा, ऑक्सिजन प्लाझ्मा द्या आणि लगेच थर द्या. नंतर ६० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर, मग डेसिकेटर. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की भाजून घ्या. पावसात ते भराभर उतरतं.

एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) विसरू नका. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एंडोटॉक्सिन उरतं. एल९२९ला त्याचा फारसा फरक पडत नाही, मेंदूतली मायक्रोग्लिया (तिथल्या रोगप्रतिकारक पेशी) मात्र भडकते. मेंदूतल्या द्रवाशी संबंध येणाऱ्या उपकरणाला मर्यादा प्रति उपकरण २.१५ ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) आहे. शेवटची धुणी एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याची ठेवा आणि एलएएल (एंडोटॉक्सिन शोधणारी) चाचणी करूनच मायक्रोग्लियाकडे वळा.