मदत हवी आहे: दुसऱ्या बाळंतपणाआधी ऑफिसकडून काय काय लेखी घेऊन ठेवू?

नमस्कार. मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. पाचवा महिना सुरू आहे. पुढच्या आठवड्यात एचआरला भेटायचं आहे, त्याआधी सल्ला हवा आहे. थोडं मागचं सांगते, नाहीतर मी एवढी का घाबरले आहे ते कळणार नाही.

मोठी मुलगी 2020 च्या एप्रिलमध्ये झाली. लॉकडाऊन लागून तीन आठवडे झाले होते. माहेर अमरावतीला, दीडशे किलोमीटर, एरवी आई तीन तासांत दारात हजर. पण जिल्ह्याच्या सीमा बंद आणि पास काही मिळेना. ठरवलेली मालिशवाली बाई सतरंजीपुऱ्याची, तो भागच सील झाला. नवऱ्याला हॉस्पिटलच्या गेटच्या आत सोडलं नाही. त्याने मुलगी पहिल्यांदा पाहिली ती फोनवर.

घरी आलो तर बाळाला न्हाऊ घालणं दोघांनाही येत नव्हतं. आई तिकडे मांडीवर उशी घेऊन बसायची आणि व्हिडिओ कॉलवर दाखवायची, "पाय असा ओढ. घाबरू नको, तुटून नाही राहिला तो." मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून तसंच करायची. एकदा दाखवता दाखवता ती गप्प झाली आणि त्या उशीवरून नुसता हात फिरवत राहिली. कॅमेरा उशीवर होता, तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, पगारही पूर्ण मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑक्टोबरात रजा संपली तेव्हा आमच्याकडची पाळणाघरं बंदच होती. बाबांना शुगर, त्यामुळे तोवर रस्ते सुरू झाले तरी आईला मीच येऊ नको म्हटलं. ऑफिसने दोन महिने घरून काम करू दिलं, तेही तोंडी. मग साहेब बदलले आणि 'सोमवारपासून या' असा फोन आला. कागदावर काहीच नव्हतं, मी दाखवणार काय? राजीनामा दिला. नवऱ्याचा पगार तेव्हा निम्म्यावर आला होता.

'बरं झालं, सगळे घरीच होते, बाळाला भरपूर वेळ देता आला,' असं लोक अजून म्हणतात. ते ऐकलं की मला रडू येतं. शेक-शेगडी नाही, रात्री तासभर बाळाला धरणारं कुणी नाही, दीड महिन्याचं लसीकरण दवाखाना बंद म्हणून लांबलेलं. त्या घरात आम्ही दोघं रात्ररात्र जागे असायचो.

आता नवीन ऑफिस आहे, दीड वर्ष झालं. माणसं साठेक. पाळणाघर नाही, कुणी मागितलंच नाही म्हणतात. घरून काम करण्याचं आत्ताच लेखी मागावं की रजेवरून परतताना? आणि नवरा खासगी कंपनीत आहे, त्याला निदान पंधरा दिवस मिळावेत असं मनापासून वाटतं. त्याचा काही नियम आहे का?

उत्तर:
ताई, आत्ताच मागा. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या हजेरी-पगाराचं काम बघतो, म्हणून सांगतो. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे आहेत, त्यातले जास्तीत जास्त 8 आधी घेता येतात. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं, ते तुमचं आहेच. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिला की ते संरक्षण उरत नाही, म्हणून या वेळी कितीही दबाव आला तरी घाईने सही करू नका.

घरून काम कायद्यात आहे, मात्र दोघांच्या संमतीने आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर. तो हक्क नाही, म्हणून तर कागद हवा. पाळणाघराचं तसं नाही. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते द्यावंच लागतं, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. कुणी मागितलं नाही हे कारण चालत नाही. तिथे ठाम राहा.

वडिलांच्या रजेचं मात्र वाईट आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस आहेत, खासगीत कायद्याने काहीच नाही. त्यांनी आपली शिल्लक रजा आत्तापासून राखून ठेवावी आणि साहेबांच्या कानावर घालून ठेवावं.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. नियुक्तीपत्र काढून पाहिलं, त्यात प्रसूती रजेबद्दल एक ओळही नाही. हे चालतं का? आणि ईमेलमध्ये नेमकं काय लिहू?

उत्तर:
नाही चालत. नेमणुकीच्या वेळीच हे फायदे लेखी कळवायचे असतात, तेही ईमेलमध्ये नमूद करा. बाकी साधं लिहा: 'रजा अमुक तारखेला संपेल. त्यानंतर अमुक महिने, आठवड्यातले इतके दिवस घरून काम करण्याची परवानगी आणि पाळणाघराची सोय कधीपर्यंत होईल, हे कृपया लेखी कळवावं.' भेट झाली की त्याच दिवशी, काय बोलणं झालं ते ईमेलने पाठवा आणि एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा.