मदत हवी आहे: 'एकोणपन्नास' ऐकून मुलं ५९ लिहितात

दुसरीला शिकवते, वर्गात २६ मुलं. अंक पाहून वाचता येतात, ऐकून लिहिताना गाडी अडते. 'त्रेपन्न'चे ३५ होतात, कारण कानावर आधी 'त्रे' पडतं. 'एकोणपन्नास'चे तर हमखास ५९!

काड्यांचे गठ्ठे, मणीमाळ, शंभरचा तक्ता, सगळं करून झालं. 'पन्नास तीन' म्हटलं की लगेच ५३ लिहितात, म्हणजे दशक-एकक कळलंय. (२०१९ च्या बालभारतीच्या पुस्तकात हीच पद्धत होती, तो वाद इथे नको.) पण घरी, दुकानात 'त्रेपन्न'च ऐकू येतं, ते सोडून कसं चालेल? घोकंपट्टीही नको, पाच मुलांची घरची भाषा मराठी नाही.

एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नावं 'एक कमी' म्हणून आधी वेगळी शिकवावीत, की त्या त्या दशकासोबतच? तुमच्या वर्गात काय चाललं?