इंग्लंडच्या खेड्यातले म्हातारे शोधक: पात्रं झकास, पण रहस्याचं काय?

काजवा

रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (2020) वाचून झाली. केंटमधली निवृत्तांची वसाहत, सत्तरी ओलांडलेले चौघे, दर गुरुवारी जुन्या न सुटलेल्या खुनांच्या फायली उघडून बसायचा त्यांचा शिरस्ता, आणि मग दारातच खून. एलिझाबेथ, जॉइस, इब्राहिम, रॉन ही चौकडी मनापासून आवडली. रहस्याच्या बाजूबद्दल मात्र मन साशंक आहे. बरेच दुवे वाचकाच्या नजरेसमोर सापडतच नाहीत. एलिझाबेथची कुणीतरी जुनी ओळख निघते आणि माहिती हातात येते. मृत्यूही एकाहून अधिक, त्यामुळे उत्तरंही अनेक, आणि ती एकमेकांत नीट गुंफली आहेत का हे ठरवता येत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा सैलपणा या प्रकारच्या कादंबऱ्यांचा स्वभावच आहे की या एका पुस्तकाचा दोष? यातल्या पोलीस, मृत्युपत्र, कबरस्तान वगैरे गोष्टी इंग्लंडच्या कायद्याला धरून असतात का? आणि पुढे काय वाचावं? कृपया कुणाचाही खुनी फोडू नका.

---

दुर्बीण

सैलपणा या प्रकाराचा स्वभाव नाही. उलट याच्या पूर्वजांचे नियम फार कडक होते. रहस्यकथा लिहिणारे इंग्रज पाद्री रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि 1930 मध्ये लंडनला डिटेक्शन क्लब हा रहस्यकथालेखकांचा क्लब सुरू झाला. त्या मंडळींचा आग्रह एकच होता: शोधकाला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. नॉक्स यांच्या यादीत योगायोगाने सुटका नको, अचानक झालेल्या साक्षात्काराने उत्तर नको, हे स्पष्टच आहे.

पुस्तक तपासायचं असेल तर हे करा. उलगड्याचं प्रकरण संपलं की थांबा आणि ज्या दुव्यावर सगळं फिरलं तो मागे जाऊन शोधा. तो उलगड्याच्या बराच आधी छापलेला हवा. तो नुसता उल्लेख न राहता त्याचा दुसरा एखादा साधा अर्थ त्या वेळी पटलेला हवा, म्हणजे आपण वाचून पुढे गेलो पाहिजे. आणि तो काढून टाकला तर उत्तर कोसळायला हवं. तिसरी कसोटी सगळ्यात अवघड. बऱ्याच नव्या पुस्तकांत दुवा काढला तरी खुनी सापडतोच, कारण शेवटी तो स्वतःहून कबुली देतो. कबुलीवर उभा असलेला उलगडा म्हणजे कच्चा उलगडा.

आता वयाचं. शोधक म्हातारा असणं ही सजावट असेल तर पुस्तक फसतं. वय हे तपासाचं हत्यार झालं पाहिजे. अगाथा क्रिस्टी यांच्या वयस्क शोधक मिस मार्पल पहिल्यांदा 1927 च्या एका लघुकथेत आल्या आणि त्यांची पहिली कादंबरी 1930 ची. त्यांच्याकडे हत्यारं तीन. बागकाम आणि पक्षीनिरीक्षण, म्हणजे तासन्‌तास बाहेर बसून लोकांकडे बघायची सबब. स्वेटर विणणारी म्हातारी, म्हणजे तिच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. आणि गावातल्या माणसांच्या जुन्या खोड्यांचा साठा, ज्याच्याशी ती नव्या माणसाला ताडून बघते. या तिन्हींपैकी एकालाही पोलिसांची मेहेरबानी लागत नाही, आणि वाचकाला तिन्ही दिसतात.

'थर्सडे'मध्ये ही हत्यारं चौघांत वाटली आहेत. इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी, जॉइस परिचारिका, एलिझाबेथ गुप्तचर खात्यातली. पहिल्या तिघांची कौशल्यं वाचकासमोर चालतात. एलिझाबेथचं कौशल्य म्हणजे ओळखी, आणि तिथेच तुम्हाला खटकलेली फट पडते. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. उलट सगळ्यात प्रामाणिक दुवे जॉइसच्या डायरीत सापडतात. ती केक, शेजारी, मुलगी असं काहीबाही लिहीत जाते, आणि आपण ती बडबड समजून नजर पुढे नेतो. दुसऱ्यांदा वाचताना फक्त डायरीची प्रकरणं सलग वाचून बघा.

---

निशिगंध

दुर्बीण यांच्या कसोट्या मान्य, पण त्या कोड्याच्या कसोट्या आहेत. या कादंबरीचा जीव दुसरीकडे आहे. जिथे दर आठवड्याला कुणाची तरी खोली रिकामी होते तिथे मृत्यू ही बातमी उरत नाही, आणि खुनाचं अप्रूप वेगळंच होतं. पेनी ही क्लबची मूळ सदस्य, पूर्वीची पोलीस अधिकारी, आता बेशुद्ध पडून आहे, आणि फायली तिच्याच. एलिझाबेथचा नवरा स्टीफन, ज्याची स्मृती निसटत चालली आहे, तो बॉग्दान या पोलिश बांधकाम कामगाराशी बुद्धिबळ खेळतो. हे प्रसंग रहस्य पुढे ढकलतात म्हणून नाही, तर हे लोक तपास कशासाठी करतात ते सांगतात म्हणून तिथे आहेत. उत्तरं अनेक असण्याचं कारणही तेच. प्रत्येक मृत्यूमागे एक जुनं दुःख आहे आणि लेखकाला ती सगळी दाखवायची होती. कोडं सैल पडलं, हे खरं. माझ्या मते सौदा परवडला.

---

कलमदान

कायद्याबद्दल लिहितो, कारण या कादंबऱ्यांत हेतू जवळजवळ नेहमी मालमत्तेचा असतो आणि तिथेच लेखक सगळ्यात जास्त घसरतात. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे, तिथे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारीच नसतो.

मृत्युपत्र. मूळ कायदा 1837 चा. सही दोन साक्षीदारांसमोर, दोघेही एकाच वेळी हजर. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रात काही ठेवलं असेल तर मृत्युपत्र वैध राहतं, पण त्याचा वाटा जातो. म्हणजे 'माळ्याने सही केली आणि त्यालाच बंगला मिळाला' असं लिहिणारा लेखक चुकला. लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सर्वसाधारणपणे रद्द होतं. ऐंशीव्या वर्षी अचानक लग्न करणारा विधुर हा त्यामुळे या प्रकारातला फार जोरकस धागा आहे, कारण एका सहीने मुलांचा हक्क डळमळतो. आणि खुनी ज्याला मारतो त्याचा वारस होऊ शकत नाही, त्यामुळे हेतू वारशाचा असेल तर मृत्यू नैसर्गिकच दिसायला हवा. चांगला लेखक हे खुन्याच्या योजनेत दाखवतो.

सात वर्षांचा नियम. वारसा कर सवलतीच्या मर्यादेवर 40 टक्के, आणि मूळ मर्यादा 2009 पासून 3,25,000 पौंडांवर अडकलेली. हयातीत दिलेली भेट देणारा सात वर्षं जगला तर करातून सुटते. त्याआधी गेला तर ती हिशेबात येते. मर्यादेच्या वरच्या भेटीवर तीन वर्षांच्या आत पूर्ण 40 टक्के, मग दरवर्षी 32, 24, 16, 8 असा दर उतरतो. यातून उलटा हेतू निघतो: म्हाताऱ्याला मारायचं नाही, तर तो मेल्याची तारीख लपवायची. हा धागा आणखी कितीतरी लेखकांनी वापरायला हवा.

मुखत्यारपत्र. मालमत्तेचं आणि आरोग्याचं अशी दोन वेगळी असतात, आणि नोंदणी झाल्याशिवाय ती वापरता येत नाहीत. मृत्यूच्या क्षणी अधिकार संपतो. मृत्यूनंतर 'मुखत्यार' म्हणून बँकेतून पैसे काढणारा भाचा तिथेच सापडायला हवा. कादंबरीत तो सुटला तर लेखकाने अभ्यास केलेला नाही.

कबरस्तान. 'थर्सडे'मधला जोगिणींच्या (ख्रिस्ती नन्सच्या) कबरी हलवण्याचा वाद हवेतला नाही. मानवी अवशेष उकरायला 1857 च्या कायद्याखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. चर्च ऑफ इंग्लंडने विधिवत पवित्र केलेली जमीन असेल तर चर्चच्या न्यायालयाची परवानगी. वापरात नसलेल्या कबरस्तानावर इमारत बांधायला 1884 पासून बंदी आहे आणि 1981 च्या दुरुस्तीने त्यात अटींसह वाट ठेवली. बिल्डरने सोमवारी ठरवलं आणि मंगळवारी जेसीबी आला, असं होत नाही. मध्ये जाहीर सूचना आणि हरकती येतात, आणि त्या हरकतदारांच्या यादीत लेखकाला संशयितांची रांग आयती मिळते.

पोलीस. 1984 च्या कायद्यानुसार आरोप न ठेवता अटकेत 24 तास. गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंट दर्जाचा अधिकारी 36 पर्यंत वाढवू शकतो, पुढे न्यायालयाच्या वॉरंटने एकूण 96 पर्यंत. ही घड्याळाची टिकटिक कथेला आयता ताण देते. शोधक आजींनी पुरावा पिशवीत घालून ठाण्यात नेला, तर तो कुणाकुणाच्या हातातून गेला हे कोर्टात सिद्ध करणं कठीण. चांगल्या पुस्तकात आजी वस्तूला हात लावत नाहीत, ती कुठे आहे तेवढं सांगतात. आणि कॉरोनरची चौकशी मृत कोण, कधी, कुठे, कसा मेला एवढंच ठरवते. 1975 मध्ये मुलांच्या दाईच्या खुनाच्या अशाच चौकशीत ज्यूरीने फरार उमराव लॉर्ड लुकन यांचं नाव खुनी म्हणून घेतलं होतं. 1977 च्या कायद्याने ती मुभा संपली. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत कॉरोनरच्या ज्यूरीने खुनी जाहीर केला, तर पुस्तक मिटलं तरी चालेल.

---

खलबत्ता

कलमदान यांच्या यादीत डॉक्टरचा दाखला राहिला, आणि म्हाताऱ्यांच्या रहस्यकथेत तोच पाया आहे. वयस्क माणूस झोपेत गेला, डॉक्टरने हृदयविकार लिहिला, अंत्यसंस्कार झाले: अर्ध्या कथा इथून सुरू होतात. इंग्लंडमध्ये ही फट खरोखर किती मोठी होती ते डॉ. हॅरोल्ड शिपमनच्या प्रकरणाने दाखवलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तो बहुतांशी वयस्क रुग्णांना मारत होता आणि दाखले स्वतःच लिहीत होता. सापडला 1998 मध्ये, टंकलिखित बनावट मृत्युपत्रामुळे, कारण मृत बाईंची मुलगी स्वतः वकील होती. 9 सप्टेंबर 2024 पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाच्या नजरेखालून जातो. त्यामुळे 2025 मध्ये घडणाऱ्या कथेत एकट्या गावडॉक्टरची सही पुरली असं दाखवलं, तर ते चुकीचं आहे.

विषांचंही तसंच. आर्सेनिक जुन्या काळातच शोभतं. शरीरातलं आर्सेनिक पकडणारी मार्श यांची चाचणी 1836 ची. 1851 च्या कायद्यापासून विक्रेत्याला घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण वहीत लिहावं लागे, आणि किरकोळ विक्रीतल्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळावी लागे. म्हणून नंतरच्या कथांत ते माशा मारायच्या कागदातून किंवा तणनाशकातून येतं. अगाथा क्रिस्टी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करायच्या खोलीत काम करत होत्या, आणि त्यांच्या विषांच्या तपशिलात ते उतरलेलं दिसतं.

आजच्या वृद्ध पात्रांसाठी लेखकांचं आवडतं विष म्हणजे डिजिटॅलिस गटातलं, कारण ते ज्यात असतं ते फॉक्सग्लव्हचं फुलझाड खेड्यातल्या बागेत असतं आणि त्याच गटातलं हृदयाचं औषध डिगॉक्सिन म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या डबीत. इथे एक गोष्ट लेखक हमखास चुकवतात. प्रेतात रक्तातलं डिगॉक्सिन जास्त सापडलं म्हणजे विषप्रयोग झाला, असं सिद्ध होत नाही. मृत्यूनंतर ते हृदयाच्या स्नायूतून रक्तात उतरतं आणि आकडा फुगतो. म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त आणि डोळ्यातला द्रव तपासतात. शिवाय मूत्रपिंडं थकलेल्या माणसाच्या शरीरात नेहमीची गोळीसुद्धा साठत जाते. मळमळ, भूक मरणं, पिवळसर दिसणं, नाडी अनियमित होणं ही लक्षणं मृत्यूच्या आधी काही दिवस दिसू शकतात. ती आधीच्या प्रकरणांत पेरलेली असतील आणि घरच्यांनी म्हातारपणावर ढकलली असतील, तर दुवा प्रामाणिक. घोट घेतला आणि दोन मिनिटांत कोसळला, तर ते विष दुसरं काहीतरी हवं.

---

काजवा

सर्वांचे आभार. जॉइसच्या डायरीची प्रकरणं सलग वाचायला घेतली आहेत. वाचनाचा क्रम तेवढा सांगा. मालिका पुढे न्यावी की आधी जुन्याकडे जावं?

---

दुर्बीण

आधी जुन्याकडे. मार्पलच्या लघुकथांपासून सुरुवात करा: 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (1932). काही माणसं एकत्र बसून सुटलेली-न सुटलेली प्रकरणं एकमेकांना सांगतात, म्हणजे गुरुवारच्या क्लबचा आराखडा इथे आधीच तयार आहे. कथा आखूड आहेत, त्यामुळे मी वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या एकेका बैठकीत लावून बघता येतात. मग 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (1950). युद्धानंतरचं रेशनिंग, शेजारी खरे कोण आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेलं खेडं, आणि दुवे अगदी उघड्यावर. त्यातल्या संवादांकडे कान द्या, वर्णनापेक्षा तिथे जास्त दडलंय. 1930 ची पहिली कादंबरी 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' त्यानंतर घेतलेली बरी. तिथे कथा सांगणारा गावचा पाद्री आहे आणि मार्पल जरा खवचट आहेत, म्हणून त्यांची ओळख आधी झालेली असावी.

नव्यांपैकी रॉबर्ट थोरोगुड यांची 'द मार्लो मर्डर क्लब' (2021) जवळची वाटेल. टेम्सकाठच्या मार्लोमधली 77 वर्षांची शब्दकोडी रचणारी बाई आणि तिच्या दोन मैत्रिणी. भावनेचा ओलावा ऑस्मनपेक्षा कमी, खुनाच्या रचनेकडे लक्ष जास्त. तुमची तक्रार रहस्याच्या सैलपणाची आहे, म्हणून ही सुचवतोय.

---

निशिगंध

आणि 'थर्सडे' मालिकेकडे परत याल तेव्हा क्रम मोडू नका. 2021, 2022, 2023 आणि 2025 अशी पुढची चार पुस्तकं आहेत. प्रत्येकातला खून स्वतंत्र आहे, पण एलिझाबेथ आणि स्टीफनचा धागा पुस्तकागणिक पुढे जातो आणि मालिकेतल्या चौथ्या, म्हणजे 2023 च्या पुस्तकात त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे. ते आधी हातात पडलं तर आधीच्या तिन्हींमधला तो धागा आधीच कळून बसतो. 2025 चा नेटफ्लिक्सवरचा चित्रपटही आताच बघायला हरकत नाही, पहिलं पुस्तक तुमचं झालेलंच आहे.