कारवानीची पिल्ले फ्लॅटमध्ये जाण्यापूर्वी किती माणसाळवावीत?

प्रश्न (उदगीरहून)

नमस्कार. आमच्या शेतावरील कारवानी कुत्रीची सहा पिल्ले आज 24 दिवसांची झाली. त्यांपैकी चार पुण्यातील फ्लॅटमध्ये जाणार असून दोन गावातच राहतील. मागच्या वेतातील एक पिल्लू नातेवाइकांच्या आग्रहामुळे मी 35व्या दिवशीच देऊन टाकले होते. आज ते वर्षाचे झाले तरी खेळता खेळता हातातून रक्त काढते आणि कुकरची शिट्टी वाजली की दिवाणाखाली जाऊन बसते. यंदा तसे होऊ द्यायचे नाही. परंतु वडील म्हणतात की, कारवानीला फार हाताळले तर ती राखणीच्या कामाची उरत नाही. आणि डॉक्टरांनी पार्व्होच्या (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या साथरोगाच्या) भीतीने बाहेरच्या माणसाला पिल्लांजवळ येऊ देऊ नका, असे बजावले आहे. यातून वाट कशी काढावी?

उत्तर 1 (साताऱ्याहून)

दादा, वडिलांची शंका मी माझ्या घरीही ऐकली आहे. राखण ही कारवानीच्या रक्तातच असते आणि कुत्रे वयात आले की ती आपोआप दिसू लागते; घाबरून चावणारे कुत्रे मात्र राखणही करत नाही आणि घरच्यांनाही सुखाने राहू देत नाही. ही जात मुळातच परक्या हाताला बिचकणारी असल्यामुळे तिला लहानपणी हाताची सवय लावणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते, ते त्याला पुढे ओळखीचे वाटते. म्हणजे पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत ठेवलीत, तर या काळाचा निम्मा भाग तुमच्याच अंगणात जाणार आहे. रोज प्रत्येक पिल्लाला भावंडांपासून बाजूला घेऊन चार-पाच मिनिटे मांडीवर ठेवावे, पंजे, कान आणि तोंड हळुवार हाताळावे, आणि ते सुटू पाहत असेल तर धरून न ठेवता शांत होताच खाली सोडावे. गोणपाट, गुळगुळीत फरशी, वाळू आणि पत्र्याचा तुकडा यांवरून त्यांना आपल्या मनाने चालू द्यावे, कारण शेतातल्या मातीवर वाढलेले पिल्लू फ्लॅटच्या फरशीवर पहिल्यांदा घसरले की दारातच अडून बसते. आवाजांची ओळख जेवणाच्या वेळी आणि लांबून करून द्यावी. पिल्लू दचकले, पण क्षणभराने ताटाकडे वळले, तर सारे ठीक आहे. ते गोठून उभे राहिले, तर आवाज आणखी दूर न्यावा. झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर शी-शूसाठी एक कोपरा आतापासूनच राखून ठेवा, पुण्याची मंडळी दुवा देतील.

चावण्याचे म्हणाल, तर पिल्लू जोरात चावले की भावंड किंचाळून खेळ सोडते आणि आईही दटावते. दातांना आवर घालण्याचा हा धडा पाचव्या ते आठव्या आठवड्यात पक्का होतो. तुमच्या त्या पिल्लाचा नेमका तोच बुडाला.

उत्तर 2 (पशुवैद्यक)

तुमच्या डॉक्टरांची भीती रास्त आहे. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. म्हणून पाहुण्यांनी चपला फाटकाबाहेर काढाव्यात, हातपाय साबणाने धुवावेत, आणि ज्यांच्या घरी आजारी कुत्रे असेल त्यांनी येऊच नये. एवढे पाळले, तर दोन-तीन दिवसांआड एखादा निराळा माणूस, मग ती म्हातारी असो, शाळकरी मूल असो वा हेल्मेट घातलेला तरुण, पिल्लांना भेटायला हरकत नाही. पिल्लांना बाहेर न्यायचे असल्यास टोपलीत किंवा कडेवर न्यावे, रस्त्यावर उतरवू नये. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यावी. शिवाय, 2017च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे, हे घाई करणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर जरूर घालावे.

उत्तर 3 (पुण्याहून)

आमचे पिल्लू आईच्या अंगाखालचे फडके घेऊन आले होते. पहिल्या दोन रात्री ते त्यावरच झोपले आणि फारसे रडले नाही. प्रत्येक पिल्लासोबत असे एकेक फडके द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज दूधभाकरीच्या वेळी आईने ओसरीच्या टोकाला स्टीलचे ताट मुद्दाम पाडले. पाच पिल्लांनी माना वर केल्या आणि पुन्हा भांड्यात खाली घातल्या. पांढऱ्या पायांची मादी तेवढी गव्हाणीमागे पळाली. पाच-सात मिनिटांनी पोट जमिनीला टेकवत आली, ताटाची कड हुंगली आणि मग तेच चाटू लागली. तिच्यासाठी उद्यापासून ताट गोठ्यापलीकडे पाडणार आहोत. वडील हे सारे खाटेवरून पाहत होते. संध्याकाळी तीच मादी त्यांच्या धोतरात झोपलेली दिसली. पुण्याच्या चौघांना मी पिल्ले 56 दिवसांची झाल्यानंतरची तारीख कळवली आहे.