मदत हवी आहे: मामांचे जिंकलेले पैसे बुकमेकर अडवून बसलाय (लेस्टर, यूके)

नमस्कार मंडळी. यूकेत कोणी बुकमेकरविरुद्ध (पैजा घेणाऱ्या कंपनीविरुद्ध) तक्रार करून पैसे सोडवले असतील तर कृपया वाट दाखवा. विषय जुगाराचा आहे हे मला कळतं. त्यावर घरात सगळं बोलून झालंय, म्हणून इथे फक्त मदत मागते.

माझे मामा ७६ वर्षांचे आहेत. १९७३ साली गिरगावातून लेस्टरला आले आणि होजिअरीच्या कारखान्यात लागले. घोड्यांची आवड महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून सोबत आणलेली. दर शनिवारी घराजवळच्या बेटिंग शॉपमध्ये जाऊन ‘लकी १५’ लावायचे. चार घोडे; एकेकटे, दोन-दोन, तीन-तीन आणि चारही एकत्र असे मिळून पंधरा डाव, डावाला १० पेन्स, म्हणजे एकूण दीड पौंड. गेली कित्येक वर्षं हाच हिशोब. ते सांगतात की ते आले तेव्हा या दुकानांत धड खुर्चीही नसायची, कारण १९६१ मध्ये दुकानं कायदेशीर झाली तरी लोकांनी तिथे रेंगाळू नये असाच नियम होता. टीव्ही आणि चहा १९८६ नंतर आले. पुढे प्रत्येक दुकानात जुगाराची चार-चार मशिनं आली, दर वीस सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येणारी. मामा म्हणतात तेव्हाच घोडेवाल्यांकडे बघणं बंद झालं. एप्रिल २०१९ मध्ये सरकारने ती मर्यादा २ पौंडांवर आणली आणि दुकानं भराभर मिटू लागली. देशभरात ९ हजारांच्या आसपास होती, आता ६ हजारही नाहीत.

मामांचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. काउंटरवरची बाई त्यांना नावाने ओळखायची. दोन शनिवार आले नाहीत तर तिसऱ्याला तब्येत विचारायची. जाताना तिनेच सांगितलं, आता फोनवर खातं उघडा. ते मी उघडून दिलं. ही गोष्ट मला फार लागून राहिली आहे.

फेब्रुवारीत एका शनिवारी चारही घोडे लागले. भाव साधारण ९ ला १ असे. १,४०० पौंडांहून थोडे जास्त झाले. मामींना दाखवायला मामांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. पैसे काढायला गेलो तर ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट पाठवला. मग पेन्शनचं पत्र, मग तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आता म्हणतात नाव जुळत नाही. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव आहे, बँकेत फक्त नाव-आडनाव. आपल्याकडे नाव असंच लिहितात हे तीनदा लिहून कळवलं. प्रत्येक वेळी नवीन माणूस, तेच उत्तर. सहा आठवडे झाले.

याच काळात पैसे काढायची विनंती फेटाळून रक्कम परत खात्यात टाकली, आणि रोज फुकट स्पिनचे मेसेज चालू. ज्या माणसाने जन्मात मशिनला हात लावला नाही त्याचे ९० पौंड दोन रात्रींत स्लॉटमध्ये, म्हणजे फोनवरच्या मशिनच्या खेळात, गेले. मामींनी रडत फोन केला. आणि घोड्यावर ५ पौंड लावायला गेले तर ३८ पेन्सच घेऊ म्हणतात! जिंकणाऱ्याला दार बंद आणि हरायला मात्र दार सताड उघडं, असं का?

आता कुठे जाऊ? गॅमस्टॉपमध्ये (जुगारापासून स्वतःला बाहेर ठेवायची नोंदणी) नाव घातलं तर अडकलेले पैसे बुडतील का?

प्रतिसाद – बर्मिंगहॅमकर

ताई, पैसे बुडत नाहीत. स्वतःला बाहेर ठेवलं की खातं बंद करून शिल्लक परत द्यावी लागते. तरी आधी आजची शिल्लक आणि सगळे मेल यांचे फोटो काढून ठेवा. गॅमस्टॉप फक्त ऑनलाइनसाठी आहे, दुकानांसाठी वेगळी सोय असते. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. नोंदणी मामांनी स्वतः करायची, तुम्ही शेजारी बसा.

चॅटवर भांडू नका. ‘ही औपचारिक तक्रार आहे’ असं लिहून मेल पाठवा. त्या तारखेपासून आठ आठवडे मोजा. तोवर निकाल लागला नाही, किंवा आधीच त्यांनी अंतिम नकार दिला, तर प्रकरण त्यांनी नेमलेल्या लवादाकडे नेता येतं. बऱ्याच बुकमेकरांचा लवाद आयबास आहे. ग्राहकाला खर्च नाही. गॅम्बलिंग कमिशन (जुगार कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) एकेकट्याचे पैसे मिळवून देत नाही, पण कळवा जरूर. मेलमध्ये हेही लिहा की मे २०१९ पासून ओळख खेळण्याआधी तपासायची असते. दीड पौंड घेताना नाव चाललं, द्यायच्या वेळी कसं चालत नाही?

नावासाठी बँकेकडून पूर्ण नावाचं पत्र घ्या. माझ्या वडिलांचं काम त्यावरच झालं. शेवटी कोर्ट आहेच. २००७ पासून पैजेचे पैसे कायद्याने वसूल करता येतात, त्याआधी तेही नव्हतं.

मामांना झोप लागत नसेल तर जुगाराच्या हेल्पलाइनवर, ०८०८ ८०२० १३३ वर, बोलू द्या. फोन फुकट आहे.

धागाकर्ती

खूप आभार. मेल आत्ताच मामांच्या नावाने पाठवला. गॅमस्टॉपचं विचारलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले पाच वर्षांचं कर. उद्या सकाळी दोघं बँकेत जातोय. बँकेच्या पत्रावर वडिलांचं नाव पूर्ण लागतं की आद्याक्षर चालतं, एवढं कोणी सांगेल का?